नावाची पट्टी

मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी बीड जिल्हा पसरलेला आहे. बिंदुसरा नदीच्या काठचे बीड शहर हे त्याचे मुख्य ठिकाण. ह्या जिल्ह्याच्या पोलीस खात्यात २०२५ सालच्या आरंभी एक लहानशी गोष्ट घडली. लहानशी म्हणण्याचे कारण असे, की तिच्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, आणि खर्च आला तो काही पाट्या करून घेण्यापुरता. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत ह्यांनी आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांस व अंमलदारांस सांगितले, की यापुढे एकमेकांस आडनावाने हाक मारू नये, नावाने मारावी. मार्च महिन्यात मेजांवर नव्या पाट्या आल्या. त्यांवर केवळ नाव होते, आडनाव नव्हते. गणवेशावर छातीशी जी नावाची पट्टी असते, तिच्यावरूनही आडनाव काढण्याचे ठरले.

पोलिसाच्या आडनावाने कोणाचे काय बिघडत होते, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्यापूर्वीच्या काही वर्षांत जिल्ह्यात जातीजातींमधील तेढ वाढत चालली होती. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यात एका सरपंचाचा खून झाला, आणि त्यानंतर वातावरण अधिकच तापले. मग लोक पोलिसांच्या छातीवरील पट्टी वाचू लागले. हा अमक्या आडनावाचा, म्हणजे अमक्या जातीचा, म्हणजे तो आपले ऐकणार नाही. तो दुसरा आपल्यांपैकी, तो ऐकेल, असे तर्क चालू झाले. ज्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जावयाचे, त्याच्याविषयी तो एक शब्दही बोलण्यापूर्वीच मत ठरून जात असे. कदाचित पोलीसही समोर आलेल्या माणसाचे आडनाव ऐकून मनाशी असेच काही ठरवीत असेल, ही शंका तर होतीच.

आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला, की त्याचे नाव विचारण्याची रीत आहे. एस. टी. च्या थांब्यावर कोणी विचारतो, “नाव काय बाळ?” मुलगा सांगतो, “गणेश.” तेवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. तो लगेच म्हणतो, “पुढे काय?” हे ‘पुढे’ म्हणजे आडनाव. ते कळले की मग गाव, मग पाहुणे कोणाकडचे, ही चौकशी. हा प्रश्न नेहमी वाईट हेतूनेच विचारला जातो, असे मुळीच नव्हे. कोठे तरी ओळख निघावी, नाते लागावे, हीच इच्छा पुष्कळदा त्यामागे असते. परंतु उत्तर मिळताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो कधी मोकळा असतो आणि कधी आखडता.

वास्तविक आडनाव ही आपल्या समाजातील फार जुनी वस्तू नाही. अंबाजोगाईस ज्यांची समाधी दाखवितात, त्या आद्यकवी मुकुंदराजांचे आडनाव काय होते हे कोणी विचारीत नाही, आणि त्यावाचून त्यांच्या ‘विवेकसिंधू’चे काही अडले नाही. पुढे कोणास गावावरून आडनाव पडले, कोणास वतनावरून, तर कोणास धंद्यावरून. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही मूळची वतनांची किंवा अधिकारांची नावे. सुतार, लोहार, सोनार ही धंद्यांची. आडनावावरून जात अचूक ओळखता येते असे ज्यांस वाटते, त्यांचा हा भ्रम आहे. देशमुख ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. काळे हे आडनाव ब्राह्मणांत आढळते, मराठ्यांत आढळते आणि पारधी समाजातही आढळते. पवार, जाधव, चव्हाण ही तर कितीतरी जातिजमातींत वाटली गेली आहेत. तेव्हा आडनाव वाचून तर्क करणारा मनुष्य पुष्कळदा पहिल्याच पायरीवर चुकतो. आणि पहिला तर्क चुकून बरोबर आला, तरी दुसरा, म्हणजे ‘अमक्या जातीचा, म्हणून अमक्या स्वभावाचा’ हा तर्क चुकलेलाच असतो.

इतके असूनही मन तर्क करावयाचे थांबत नाही. असे का व्हावे?

आपले मन सदैव वस्तूंची वर्गवारी करीत असते, आणि ती केल्यावाचून आपले चालणारही नाही. बालाघाटच्या डोंगरात सीताफळे विपुल पिकतात. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सीताफळे उतरविणारी मुले प्रत्येक फळ फोडून पाहात नाहीत. फळाचे डोळे उघडले, डोळ्यांमधील जागा पांढुरकी पिवळसर झाली, की फळ काढावयास झाले असे ती समजतात. पूर्वी पाहिलेल्या शेकडो फळांवरून मनाने एक खूण ठरविली, आणि ती नव्या फळास लावली. दोरीसारखे काही वळवळताना दिसले की आपण विचार करीत न बसता मागे सरतो, तेही ह्याच शक्तीमुळे. ही शक्ती नसती तर प्रत्येक वस्तू दर वेळी नव्याने ओळखावी लागली असती.

पण हीच खूण माणसास लावली, की दोन ठिकाणी घोटाळा होतो. फळाविषयीचा अंदाज चुकला, तर ते फोडताच कळते आणि पुढच्या वेळी आपण सावध होतो. माणसाविषयीच्या अंदाजाचा पडताळा पाहण्याचे कष्ट आपण बहुधा घेतच नाही. उलट ज्याच्याविषयी वाईट ऐकले, त्याच्यापासून दूर राहतो, आणि दूर राहिल्यामुळे आपली चूक आपल्यास कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपण फळाविषयी काय बोलतो ते फळास ऐकू येत नाही, माणसास येते. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

अशा समजुतींना काय म्हणावे? १९२२ साली वॉल्टर लिपमन ह्या अमेरिकन लेखकाने त्यांस छापखान्यातील एक शब्द लावला. जुन्या छापखान्यांत जुळविलेल्या खिळ्यांवरून धातूचा एक अखंड ठसा ओतून घेत. मग त्याच ठशावरून हव्या तितक्या प्रती निघत, सर्व अगदी एकसारख्या. माणसांच्या एखाद्या समूहाविषयी आपल्या मनात असाच ठसा ओतलेला असतो, आणि त्या समूहातील प्रत्येकावर आपण तोच उमटवितो, असे त्याचे म्हणणे. मराठीत आपण त्यास साचा म्हणू. साचा हा विचार झाला. त्यास नावडीची किंवा भीतीची जोड मिळाली की तो पूर्वग्रह होतो. आणि त्या पूर्वग्रहाप्रमाणे मनुष्य वागू लागला, म्हणजे एकास दारात उभे करू लागला आणि दुसऱ्यास आत बसवू लागला, की त्यास भेदभाव म्हणावयाचे.

ह्या तीन गोष्टी एकीमागून एक कशा येतात हे बीड जिल्ह्यातच पाहता येते. येथील लक्षावधी माणसे दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरदार बंद करून ऊस तोडण्यासाठी बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे त्यांच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून त्यांनी आगाऊ रक्कम घेतलेली असते, तिला ‘उचल’ म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते. ह्या जोडीस हिशेबाच्या वहीत ‘एक कोयता’ असे म्हणतात. दोन जिती माणसे, पण बोलावयाचे ते हत्याराच्या नावाने! फडाजवळ उभारलेल्या कोपीत हे कुटुंब पाच-सहा महिने राहते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की मार्च-एप्रिलमध्ये ते परत येते.

आता अशा कुटुंबातील, पाटोदा किंवा धारूर तालुक्यातील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. आईबापांबरोबर ती फडावर गेली. पहाटेच्या अंधारात आईबाप ऊस तोडावयास जातात, तेव्हा धाकट्या भावंडास तीच सांभाळते. पाणी तीच आणते. ती गावी परत येते तेव्हा वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात. फळ्यावरचे गणित तिला येत नाही. शेजारच्या बाकावरील मुलगा हळूच म्हणतो, “ऊसतोड्यांची मुले अशीच. त्यांना शिक्षणाची आवडच नसते.”

ह्या मुलाने खोटे पाहिलेले नाही. तिला गणित आले नाही हे खरेच होते. पण जे तिच्या परिस्थितीत होते, ते त्याने तिच्या स्वभावात आहे असे मानले. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी मनाची ही खोड पुष्कळदा तपासून पाहिली आहे. आपल्यास उशीर झाला तर आपण म्हणतो, गाडी चुकली. दुसऱ्यास उशीर झाला तर म्हणतो, तो आळशी आहे. हाच न्याय आपण समूहांनाही लावतो. त्या मुलीस अपूर्णांक आले नाहीत ह्याचे कारण पाच महिन्यांच्या गैरहजेरीत होते, आणि म्हणूनच त्यावर उपायही होता. आईबाप फडावर असताना मुलांनी गावीच राहून शिकावे, ह्यासाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालविली गेली, ती हे ओळखूनच. दोष ‘त्या मुलांतच’ असता, तर वसतिगृह काढून काय उपयोग होता?

एकदा साचा तयार झाला, की त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मनाला दिसेनासा होतो. मांजर आडवे गेले आणि काम फसले, की ते लक्षात राहते. मांजर आडवे जाऊनही काम झाले, असे दिवस मोजावयाचे कोणास सुचत नाही. त्याचप्रमाणे ऊसतोड कामगाराचा मुलगा परीक्षेत पहिला आला, तर लोक म्हणतात, “हा वेगळा आहे.” असे दहा जण निघाले, तरी ते दहाही ‘वेगळे’ ठरतात आणि साचा होता तसाच राहतो.

मघाशी म्हटले की माणसास ऐकू येते. त्याचा परिणाम किती खोल जातो हे दाखविणारा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोन विदुषींनी २००३ साली उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या, मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. आत शिरलेली रेघ वाट काढीत बाहेर आणावयाची, असे हे कोडे असते. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळावयाचे होते. मुले ६४२ होती. त्यांतील निम्मी वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींची आणि निम्मी खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची. कोणाची जात कोणती हे जेव्हा उच्चारलेच नाही, तेव्हा दोन्ही प्रकारच्या मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडविली. मग दुसऱ्या काही गटांत आरंभी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. त्याने फक्त मान हलवून होय म्हणावयाचे. एवढ्याने खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या सुमारे पाचव्या हिश्श्याने खाली आली.

ती मुले एका क्षणात बुद्धीने मंद झाली काय? अर्थात नाही. ज्यांच्या समोर जात वाचली गेली, ते आता आपल्याशी न्यायाने वागतील की नाही, ही शंका त्यांच्या मनात उभी राहिली असावी, असे प्रयोग करणाऱ्यांस वाटले. ज्यास प्रामाणिक मोबदल्याचा भरवसा नाही, त्याचा हात कामात पूर्ण चालत नाही. वर्गात हजेरी घेताना किंवा यादी वाचताना मुलाची जात उगाच मोठ्याने उच्चारू नये असे जे म्हणतात, त्याचे कारण ह्या प्रयोगात आहे. मला तर हा प्रयोग वाचताना, कोड्यांच्या संख्येपेक्षा मान हलवून होय म्हणणारी ती मुलेच अधिक आठवतात.

मोठेपणी हेच आडनाव नोकरीच्या दारात आडवे येते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्या अभ्यासकांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ६६ आठवडे त्यांच्या मंडळींनी वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांकडे अर्ज धाडले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. अर्जांत शिक्षण सारखे, अनुभव सारखा. वेगळे काय ते नाव. काहींवर वरच्या मानलेल्या जातींचे आडनाव, काहींवर दलित समाजातील आडनाव, तर काहींवर मुसलमान नाव. मुलाखतीचे बोलावणे येण्याचे मान दलित आडनावांच्या बाबतीत पहिल्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाले, आणि मुसलमान नावांच्या बाबतीत सुमारे एक-तृतीयांश. अर्ज उघडणाऱ्याने अर्जदारास पाहिलेही नव्हते. त्याला विचारले असते, तर आपण कोणावर अन्याय केला असे त्याने बहुधा कबूलही केले नसते. आणि कदाचित त्याला ते खरोखरच ठाऊक नसेल.

साचा एकेका माणसाच्या मनात असतो तोवर त्याची पोच मर्यादित असते. तो सरकारी कायद्यात शिरला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असे ह्या कायद्याने धरून चालावयाचे. अशा जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केलेले असो वा नसो, त्याची नोंद पोलिसांकडे व्हावयाची, त्याने हजेरी द्यावयाची, आणि परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत अशी कुटुंबे ठेवली होती. पारध्यांवर ह्या कायद्याचा शिक्का बसला. पारधी हे मूळचे रानात फासे लावून शिकार करणारे लोक. रान तुटले, शिकारीस बंदी झाली, दुसरा धंदा कोणी दिला नाही. मग जो उपाशी फिरतो, त्याच्याकडे बोट दाखविणे सर्वांत सोपे असते.

बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. पण मनातील साच्यास राज्याच्या सीमा आडव्या येत नाहीत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि ह्या जमातींना ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. तरीही एखाद्या गावात चोरी झाली, की प्रथम पारध्यांच्या पालांकडे वळण्याची सवय बराच काळ टिकली. येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सुखवस्तू घरातील कोणी चोरी केली, तर लोक म्हणतात, “तो चोर निघाला.” पारध्याने केली, तर म्हणतात, “पारधीच तो.” पहिल्या वाक्यात एक माणूस दोषी आहे, दुसऱ्यात सगळी जमात. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड हे अशाच एका शिक्का मारलेल्या जमातीतून पुढे आले. लोक त्या जमातीस ज्या शब्दाने हिणवीत, तोच शब्द, ‘उचल्या’, त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनास नाव म्हणून दिला. त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे सर्व आपल्याकडच्या जातिभेदामुळेच होते, असे मात्र कोणी समजू नये. हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहारात त्यांचे कुटुंब नाहीसे झाले. माणूस माणसाशी असे का वागतो, हा प्रश्न त्यांनी जन्मभर धरून ठेवला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी शाळेतील मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून ते किती असावेत हे विचारले. मग, तुम्ही जास्त सांगणारे, तुम्ही कमी सांगणारे, असे दोन गट पाडले. खरे म्हणजे हे गट उत्तरांवरून पाडलेच नव्हते, नुसते वाटेल तसे पाडले होते. पुढे मुलांच्या हाती थोडे पैसे वाटण्याचे काम दिले. कोणास द्यावयाचे त्याचे नाव ठाऊक नाही, तोंड दिसत नाही, फक्त गट ठाऊक. तरीही मुलांनी आपल्या गटास झुकते माप दिले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात ना जात होती, ना धर्म, ना जुने वैर. ठिपक्यांचे निमित्तही पुरले.

मग पट्टीवरून आडनाव पुसल्याने किती फरक पडणार? थोडा पडेल, असे मला वाटते. ठाण्यात पाऊल टाकताच डोळ्यांना जी खूण मिळत असे ती मिळाली नाही, तर निदान पहिले बोलणे तरी खुणेवाचून होईल. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांना असलेली जातींची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले, त्यामागेही हाच विचार होता. पण ज्याला शोध घ्यावयाचाच आहे, तो दुसऱ्या वाटेने घेतो. आणि वस्तीचे नाव बदलले तरी तिचा रस्ता आणि नळ आपोआप सुधारत नाही. शिवाय जातीची नोंद सगळीकडून पुसून टाकणेही बरोबर होणार नाही. भेदभाव किती आहे हे मोजावयाचे, आणि ज्यांस तो सोसावा लागला त्यांस शिष्यवृत्ती व राखीव जागा द्यावयाच्या, तर ती नोंद हवीच. आपले आडनाव सांगण्याची कोणास लाज वाटावी, असाही ह्या पट्टीचा अर्थ नव्हे.

पूर्वग्रह कमी कसा होतो, ह्याचा विचार गॉर्डन ऑलपोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली आपल्या ग्रंथात केला. माणसे नुसती जवळ आल्याने काम भागत नाही, असे तो म्हणतो. मुकादम आणि तोडणारे मजूर रोज एकमेकांस भेटतात; पण एक उचल देणारा आणि दुसरा ती फेडणारा, अशा भेटीने साचा मोडत नाही, घट्टच होतो. दोघे बरोबरीच्या नात्याने भेटले पाहिजेत, आणि दोघांस मिळूनच करता येईल असे काम पुढ्यात असले पाहिजे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरिफ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे एक शिबिर भरविले. मुले एकाच धर्माची, सारख्याच सुस्थितीतील. त्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीने स्वतःस ‘ईगल्स’ म्हणविले, दुसरीने ‘रॅटलर्स’. सामने सुरू झाले आणि चार दिवसांत शिव्या, एकमेकांचे झेंडे जाळणे, खोल्यांवर छापे, इथपर्यंत मजल गेली. मुलांना न सांगता त्यांना असे लढावयास लावणे आज कोणी योग्य मानणार नाही. दोन्ही तुकड्यांना एकत्र जेवावयास बसवून पाहिले, तर त्यांनी अन्नच एकमेकांवर फेकले. मग एके दिवशी शिबिराचे पाणी बंद पडले. अर्थात ते मुद्दाम बंद पाडले होते. तहानलेल्या दोन्ही तुकड्यांनी टाकीपर्यंत जाऊन, मिळून खटपट करून, कोंडलेला नळ मोकळा केला. पुढे अडकून पडलेली मालमोटार सर्वांनी दोर लावून ओढली. दोर तोच, ज्याने आधी रस्सीखेच झाली होती. अशी कामे होत गेली तशी शिवीगाळ ओसरली. घरी परतताना मुलांनी एकाच बसमधून जाण्याचे ठरविले, आणि वाटेत रॅटलर्स मुलांनी बक्षिसादाखल मिळालेल्या पाच डॉलरांचे पेय घेऊन दोन्ही तुकड्यांस पाजले.

पाण्याची अशी वेळ बीड जिल्ह्यावर मुद्दाम आणावी लागत नाही. २०१६ सालच्या भीषण दुष्काळात पाणी फाउंडेशनने गावोगावी पाणी अडविण्याची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी महाराष्ट्रातील केवळ तीन तालुके तीत होते, आणि त्यांतील एक अंबाजोगाई. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात गावकरी माळावर चर खणीत होते, बांध घालीत होते, रांगेत उभे राहून मातीची घमेली पुढे सारीत होते. कोणत्याही एका आळीच्या बळावर गावची सगळी माती हलणार नव्हती. ज्यांना शेत नाही, विहीर नाही, असे मजूरही अशा श्रमदानात उतरले. वाढलेल्या पाण्यातील त्यांचा वाटा किती, हा प्रश्न गावांपुढे मग उभा राहतोच. शिबिरातील मुलांपुढे तो आला नव्हता, कारण तेथे सर्वांना एकाच टाकीचे पाणी होते.